न वाचलेले १४३६ लेख आणि इतर प्रश्न

प्रश्न : आवडीच्या पंधरा-वीस संकेतस्थळांवर रोज एकेक करून डोकावतो. बहुतेकांवर नवीन काहीच नसतं. फीड वापर, असं एक मित्र म्हणतो. पण ते तर केव्हाच बंद पडलं ना?

बंद पडलं ते गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायची गूगलची सेवा, १ जुलै २०१३ रोजी. अनेकांच्या लेखी फीड म्हणजे गूगल रीडरच होतं, त्यामुळे त्याच्याबरोबर सगळंच संपलं असा समज पसरला. तो अजून काही जात नाही.

फीड ही एक साधी मजकुराची फाइल असते. संकेतस्थळाच्या सर्व्हरवरच ती पडून असते आणि नवा लेख आला की तिच्यात एका नोंदीची भर पडते : शीर्षक, दुवा, तारीख आणि थोडा किंवा सगळा मजकूर. तुमचं रीडर अ‍ॅप ठरावीक वेळाने जाऊन ती फाइल बघून येतं. म्हणजे तुम्ही रोज मारता त्याच चकरा, फक्त अ‍ॅपला त्यांचा कंटाळा येत नाही. यात संकेतस्थळाला ईमेल पत्ता द्यावा लागत नाही आणि तुम्हाला काय आवडेल हे परस्पर ठरवणारं मध्ये कुणी नसतं.

ही फाइल लिहिण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतून आली, अ‍ॅटम २००५ मध्ये प्रमाणित झाली. वाचणाऱ्याला फरक पडत नाही, रीडरना दोन्ही कळतात. आणि पॉडकास्ट ऐकत असाल तर फीड तुम्ही आधीपासूनच वापरताय. नवा भाग तुमच्या अ‍ॅपमध्ये सहसा आरएसएसच्याच वाटेने येतो.

सुरुवातीला ब्राउझरमध्ये चालणारं फीडली किंवा इनोरीडर घ्या. आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर मोफत आहे आणि चांगलं आहे. थंडरबर्डमध्ये मेल बघत असाल तर फीडची सोय तिथेच आहे.

प्रश्न : केशरी रंगाचं ते चिन्ह हल्ली कुठेच दिसत नाही. फीडचा पत्ता शोधायचा कसा?

चिन्ह गेलं, फीड बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. आधी संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ताच रीडरमध्ये चिकटवून बघा. पानाच्या कोडमध्ये फीडचा पत्ता सांगणारी एक ओळ सहसा असते, रीडर ती आपणहून हुडकतं. नाहीच सापडलं, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहा. वर्डप्रेस या स्थळं चालवायच्या यंत्रणेवरच्या स्थळांचं फीड मुळात तिथेच असतं. तरीही हाती काही लागलं नाही, तर संगणकावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा कोड उघडा आणि त्यात ‘आरएसएस’ किंवा ‘अ‍ॅटम’ ही इंग्रजी अक्षरं शोधा.

जाता जाता : यूट्यूबच्या चॅनेलांनाही फीड असतं. चॅनेलच्या पानाचा पत्ता रीडरला दिला की नवे व्हिडिओ तिथे दिसू लागतात, लॉगिन करायची गरज नाही. विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानालाही फीड असतं. एखाद्या लेखात कोण काय बदलतंय यावर नजर ठेवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

प्रश्न : महिन्याभरात ‘न वाचलेले’चा आकडा १४३६ वर गेलाय. अ‍ॅप उघडायचीच धास्ती वाटते.

‘सगळं वाचलं’ अशी खूण करून टाका. आत्ता, हे उत्तर पुरं वाचायच्या आधी. हा आकडा म्हणजे कुणाची उधारी नव्हे.

आता स्थळांच्या यादीवरून नजर फिरवा. १४३६ पैकी हजारभर नोंदी दोन-तीन बातम्यांच्या स्थळांवरून आलेल्या असणार. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. तीन बातमीस्थळं घातली आणि जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं स्थळही घातलं, जो वर्षातून जेमतेम चार लेख लिहितो. त्याचा एक लेख आला आणि बातम्यांच्या ढिगाखाली गेला. तो मला दिसला पाच महिन्यांनी. ज्याच्यासाठी रीडर घेतलं, तोच नेमका हरवला.

तेव्हापासून माझा नियम उलटा आहे. जे क्वचित लिहितात त्यांना फीडमध्ये घ्यायचं. जे दिवसाला पन्नास नोंदी टाकतात त्यांच्याकडे मनात येईल तेव्हा आपणच जायचं. अशी स्थळं ठेवायचीच असतील, तर निदान वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. आणि सेटिंगमध्ये तो आकडा लपवायची सोय असेल तर लपवाच.

प्रश्न : एका स्थळाचे जुनेच लेख परत नवे म्हणून आले. दहाच्या दहा!

दोष बहुधा तुमच्या रीडरचा नाही. फीडमधल्या प्रत्येक नोंदीला एक ओळखखूण असते आणि तिच्यावरूनच रीडर नवं-जुनं ठरवतं. स्थळचालकाने पत्ता बदलला किंवा नवी यंत्रणा बसवली की कधी कधी या खुणा बदलतात. मग लेख तेच, पण रीडरला सगळे अनोळखी. दहाच का, तर वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे दहाच लेख असतात. एकदा वाचल्याची खूण करा आणि विसरून जा.

प्रश्न : काही फीडमध्ये दोनच ओळी येतात. पूर्ण लेख का नाही?

स्थळचालकाने तसं ठरवलंय म्हणून. वाचकाने पानावर यावं, जाहिराती बघाव्यात, हा त्यामागचा हिशेब. काही रीडर मूळ पानावरून पूर्ण मजकूर ओढून आणतात. नेटन्यूजवायरमध्ये त्यासाठी बटण आहे.

प्रश्न : रीडर बदलायचं झालं तर सगळी स्थळं पुन्हा एकेक करून भरायची का?

नाही. सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा. ओपीएमएल नावाची एक छोटी फाइल मिळेल, ती नव्या रीडरमध्ये ‘इम्पोर्ट’ करा. मिनिटभराचं काम. फोल्डरही बहुतेक वेळा जसेच्या तसे येतात. मात्र त्या फाइलमध्ये फक्त स्थळांची यादी असते. काय वाचलं, कशावर तारा लावला, हे तिच्यात येत नाही. तारा लावलेले लेख जुन्या रीडरमधून वेगळे काढून घ्या, खातं बंद करायच्या आधी.