प्रूफ नाण्यावर हिरवट चिकटा

प्रश्न : शंभर रुपयांचं चांदीमिश्रित प्रूफ नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. आता त्यावर हिरवट, चिकट थर आलाय. चिंच किंवा रांगोळीने घासू का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मुळीच नको! प्रूफ नाणं म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारखं चकचकीत घडवलेलं नाणं. त्याचा आरसा एकदा कापूस फिरवला तरी ओरखडतो, आणि चिंच तर धातूच खाते. दोष पाकिटाचा आहे. त्याचं मऊ प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, उन्हाळ्यात तापून आम्लधर्मी वाफ सोडतं. या नाण्यांत साधारण ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं असतं. हिरवं पडतं ते तांबं.

शुद्ध ॲसिटोन आणा, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. त्यात तेल, सुगंध असतात. काचेच्या दोन वाट्या घ्या. नाणं कडेनेच धरून पहिल्या वाटीत दोन-तीन मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या, स्वच्छ ॲसिटोनमध्ये काढा. घासू नका, पुसू नका. उभं धरून वाळू द्या. खिडक्या उघड्या, गॅस बंद. थर निघेल, पण खाली धातू खाल्ला गेला असेल तर तो खड्डा भरत नाही. काळपट किंवा इंद्रधनुषी छटा आली असेल तर ती ॲसिटोनने जात नाही, आणि तिला हात न लावणंच बरं.

नंतर ४४ मिलिमीटरची कडक ॲक्रिलिक कॅप्सूल घ्या, डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. आणि हो, कूलरच्या खोलीत डबा नको. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर हवा कोरडी, पण त्या खोलीत पावसाळाच असतो.