भिंतीवरचा पक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. अडलास तर आजीकडून वाचून घे. फोनवर तू नुसतं 'येस काका, येस काका' करतोस आणि लक्ष भलतीकडेच असतं.

एनएचएल म्हणजे आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग; तिचे संघ नवी मुलं निवडतात, त्या ड्राफ्टच्या दिवशी मी तुमच्याकडेच होतो. सात फेऱ्या झाल्या, २२४ नावं झाली, तुझं काही आलं नाही. आईने हौसेने केलेल्या साखरभाताला कोणी हात लावला नाही. तू गॅरेजमध्ये जाऊन दारावर पक, म्हणजे ती रबरी चकती, मारत राहिलास, त्याचे दणके वरपर्यंत येत होते. त्या दिवशी बोलण्यात अर्थ नव्हता. आता एका संघाच्या कॅम्पचं, म्हणजे चाचणीच्या सरावाचं, बोलावणं आलंय, म्हणून लिहायला बसलो.

मार्टिन सेंट लुईचं उदाहरण तुला आतापर्यंत दहा जणांनी दिलं असेल. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, उंची ५ फूट ८ इंच, कॅल्गरीच्या संघाने सोडलं, आणि २००४ साली टँपाकडून हार्ट ट्रॉफी (सर्वांत मोलाच्या खेळाडूची) आणि स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) दोन्ही. खरं आहे सगळं. पण असा एखादाच निघतो, आणि त्याच्याकडे बघून प्रत्येकाला वाटतं की तो आपणच. त्यापेक्षा सरीच्या अर्शदीप बैन्सकडे बघ. त्यालाही कोणी निवडलं नव्हतं. २०२१-२२ मध्ये अख्ख्या वेस्टर्न ज्युनिअर लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलला मदत मिळून) त्याचे, तेव्हा कुठे व्हँकुव्हरने करार केला. आणि तरी एनएचएलचा पहिला सामना फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधला सगळा काळ खालच्या लीगमध्ये, व्हँकुव्हरच्याच अबॉट्सफर्डच्या संघात. लीगमध्ये पहिला आलेल्या मुलाला एवढं थांबावं लागलं. या दीड-दोन वर्षांत तो काय शिकला असेल, याचा विचार कर.

तुला राग येईल, तरी सांगतो. मागच्या हिवाळ्यात तुझ्या एका सामन्याला मी स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. तू १७ मिनिटं बर्फावर होतास. त्यात पक तुझ्या काठीवर किती वेळ? ५२ सेकंद. दोन गोल केलेस, छान केलेस, बाबा तर खुर्चीवर उभाच राहिला. पण उरलेली सोळा मिनिटं तू काय करत होतास, ते मी वहीत लिहून ठेवलंय. बराचसा वेळ निळ्या रेषेजवळ, आपल्या भागाच्या हद्दीवर, उभा राहून लांब पासची वाट बघत होतास.

हे मी ओळखतो, कारण माझंही तेच होतं. विसाव्या वर्षी एका छोट्या लीगच्या संघाने मला चाचणीला बोलावलं. आपसातल्या सामन्यात मी दोन गोल मारले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझी बॅग दाराबाहेर. कोच एवढंच म्हणाला, 'तू आधीच पळतोस.' म्हणजे पक आपल्या झोनमधून (आपल्या गोलकडच्या भागातून) सुटायच्या आत मी पुढे निघालेला. किती वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या! पुढे स्वतः मुलांना शिकवायला लागलो तेव्हा कळलं, तो बरोबर होता.

हिशेब साधा आहे. संघात फॉरवर्डच्या चार ओळी, तीन-तीन जणांच्या. वरच्या दोन ओळींत गोल करण्याचेच पैसे घेणारे लोक आधीच बसलेत. तुझ्यासारख्या नवख्याला जागा मिळालीच तर चौथ्या ओळीत, आणि तिथे कोच एकच बघतो: एका गोलची आघाडी आहे, दोन मिनिटं उरलीत, याला पाठवू का?

मॅनी मल्होत्रा मिसिसागाचाच. वडील भारतीय. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर गेला, म्हणजे त्याने धडाधड गोल करावेत अशीच अपेक्षा. तसं झालं नाही. पण फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांत टाकलेला पक) जिंकणं आणि पेनल्टी किल (आपला एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचाव) यांवर तो ९९१ सामने खेळला. मार्च २०११ मध्ये डाव्या डोळ्यावर पक बसला, तरी त्याच जूनमध्ये फायनलमध्ये उतरला. २०२५ मध्ये अबॉट्सफर्डने खालच्या लीगचा कॅल्डर कप जिंकला तेव्हा कोच तोच होता.

आता भिंतीचं, म्हणजे रिंकभोवतीच्या फळ्यांचं. आपल्या झोनमध्ये डिफेन्समन पक भिंतीला लावून फिरवतो आणि तो तुझ्याकडे येतो. समोरून त्यांचा डिफेन्समन सरळ तुझ्या अंगावर येतोय. तू काय करतोस? पककडे बघत बसतोस. पक यायच्या आधी खांद्यावरून मागे बघ, एकदा नाही, दोनदा. मग स्केटचं पातं भिंतीला असं चिकटव की फटीतून पक निसटणार नाही. धक्का बसणारच, तो घे, आणि पक निळ्या रेषेबाहेर ढकल किंवा मधे सेंटरला दे. टाळ्या कोणी वाजवणार नाही. पण वर बसलेले तीन-चार लोक वहीत काहीतरी लिहितील.

आणि शिफ्ट, म्हणजे एका दमात बर्फावर राहायचा वेळ. ४५ सेकंद झाले की बेंचवर ये. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात, बचाव करताना आपली बेंच लांब पडते. तिथे तू दमलेला सापडलास की गोल बसलाच म्हणून समज. तुझी सव्वा मिनिटाची शिफ्ट मी मोजली आहे. (पक गेला की बचावासाठी मागे पळायचं, त्या बॅकचेकला मराठीत काय म्हणावं, हे आजीला विचारलं. ती म्हणाली, 'मागे धाव.' चालेल.)

पैशांचं थोडक्यात. २०२५-२६ ला एनएचएलमध्ये किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. पण टू-वे करार असेल तर खालच्या लीगमध्ये खेळताना पगार फार कमी, आणि नव्या मुलाचे बहुतेक दिवस खालीच जातात. कॅम्पमध्ये कोणी कागद पुढे केला तर हुरळून सही करू नकोस. ज्युनिअरच्या प्रत्येक हंगामामागे तुझ्या शिक्षणाचे पैसे जमा होतात, प्रो करार केल्यावर त्यांचं काय होतं, ते कलम वकिलाकडून वाचून घे. ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलमध्ये (ऑन्टारिओच्या ज्युनिअर लीगमध्ये) खेळलेल्यांना अमेरिकन कॉलेजचा रस्ताही खुला झालाय. माझ्या वेळी तो बंद होता, नाहीतर मी नक्की गेलो असतो. तू अठराचाच आहेस, पुढच्या वर्षीही ड्राफ्टला बसता येतं. बाबाला घाई आहे, तुला असायचं कारण नाही.

रविवारी सकाळी सहाला रिंकवर ये. बर्फ तासभर आपल्याला मिळालाय. स्केट्सना धार लावून आण, मागच्या वेळी वळताना घसरत होतास. नेटची गरज नाही. मी कोपऱ्यातून भिंतीला पक लावत राहीन, तू बाहेर काढायचे. डाव्या बाजूने आधी, कारण तिथे तू फार वाईट आहेस.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
काका