ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना संगणक कितपत येतो हे कसे तपासावे आणि ते कौशल्य कसे वाढवावे? (तालुका ग्रंथालय, गोवा)

प्रश्नावली भरून घेण्याऐवजी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या रोजच्या कामातील चार-पाच कृती प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे आणि तो जिथे अडेल तेवढेच शिकवावे. स्वतःच्या कौशल्याचा अंदाज माणसे क्वचितच नेमका सांगतात, हे ग्रंथालयाच्या संगणकीकरणात काम करताना सतत दिसते. पुस्तकांची देवघेव आणि नूतनीकरण (मुदत वाढवून देणे) बहुतेकांना जमते, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नये. खरी कसोटी नोंदणी (पुस्तकाची माहिती संगणकात भरणे) आणि शोध यांत लागते. गोव्यात एकाच कपाटात मराठी, देवनागरी व रोमी (रोमन लिपीतील) कोंकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज ग्रंथ असतात. युनिकोड ही अक्षरे संगणकात साठवण्याची आजची प्रमाण पद्धत आहे; जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेली मराठी नोंद युनिकोडमध्ये शोधल्यास सापडत नाही, आणि मग पुस्तक समोर असूनही वाचकाला 'नाही' असे उत्तर मिळते. म्हणून पुढील कृती अवश्य घ्याव्यात:

- युनिकोड कळफलकावर मराठी शीर्षकाची नवी नोंद करणे
- रोमी लिपीतील कोंकणी पुस्तक शोधून देणे
- दिवसअखेरीस विदेची (संगणकातील नोंदींची) प्रत सुरक्षित ठेवणे

सरावासाठी कोहा हे ग्रंथालयाच्या कामाचे मुक्त सॉफ्टवेअर वेगळ्या संगणकावर बसवावे, म्हणजे चूक होण्याची भीती राहत नाही. आपल्याकडे 'ई-ग्रंथालय' हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर असल्यास सराव त्यावरच व्हावा. मात्र या तपासणीचा संबंध बढतीशी किंवा गोपनीय अहवालाशी जोडल्यास कर्मचारी उणिवा झाकू लागतात, आणि विशेषतः ज्येष्ठ सहकारी तर प्रश्न विचारणेच सोडून देतात.