मुलगी १८ वर्षांची झाली म्हणून वडिलांची जबाबदारी संपते का?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. नऊ वर्षांपूर्वी आमचा संमतीने घटस्फोट झाला. ‘मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत वडिलांनी दरमहा ६,००० रुपये द्यावेत, त्यानंतर आई अगर मुलगी कोणतीही मागणी करणार नाही’ असे कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने कोर्टात लिहून दिलेल्या अटींमध्ये) लिहिले आहे. मुलीला यंदा कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्यात बी. फार्म.ला प्रवेश मिळाला. तिला अठरा पूर्ण झाली आणि पैसे बंद झाले. त्याआधीचेही पाच महिने मिळालेले नाहीत. तिचे वडील पुण्यातच सरकारी नोकरीत आहेत. त्यांनी दुसरे लग्न केले असून दोन लहान मुले आहेत. ते म्हणतात, “माझी जबाबदारी संपली. शिकायचंच असेल तर माझ्या घरी येऊन राहा.” फी, हॉस्टेल, मेस माझ्या पगारात भागत नाही. कोर्टात जाऊन काही होईल का? आणि मुलीला बापासमोर उभे करायचे का?

उत्तर: ताई, तिच्या वडिलांची जबाबदारी संपलेली नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचे कलम २०(३) सांगते की अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिचा सांभाळ करणे पालकांवर बंधनकारक आहे. मुलासाठी हा कायदा सज्ञान होईपर्यंतचीच मर्यादा घालतो, अविवाहित मुलीसाठी वयाची मर्यादा नाही. तुमची मुलगी पहिल्या वर्षाला आहे, कमावत नाही. ती या कलमात नेमकी बसते. (बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे.)

पण एका ठिकाणी फार जपून राहा. पोटगी म्हटले की अजूनही बहुतेकांच्या तोंडी ‘१२५’ येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. त्या कलमाखाली सज्ञान आणि धडधाकट मुलीला पोटगी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि त्याच निकालात तिला कलम २०(३) खाली मागण्याची वाट मोकळी ठेवली. त्यामुळे अर्ज घाईने मॅजिस्ट्रेटसमोर टाकू नका. चुकीच्या कलमाखाली वर्ष-दीड वर्ष जाते आणि तोवर मुलीचे सेमिस्टर कुणी थांबवून ठेवत नाही. वडील पुण्यात राहतात, म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कलम २०(३) खाली दावा करता येईल.

आता कन्सेंट टर्म्समधल्या त्या वाक्याबद्दल. ‘मागणी करणार नाही’ असे तुम्ही लिहून दिलेत, पण तो हक्क तुमचा नव्हता, मुलीचा होता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, पक्षकार नव्हती, तिची सही नाही. तिच्या वतीने तिचा पुढचा निर्वाह सोडून देण्याचा अधिकार आईलाही नसतो. शिवाय याच कायद्याचे कलम २५ असे की पोटगीची रक्कम हुकूमनाम्याने (कोर्टाच्या निकालपत्राने) ठरलेली असो वा कराराने, परिस्थितीत मोठा बदल झाला तर ती बदलता येते. ६,००० ची रक्कम ठरली तेव्हा मुलगी चौथीत होती. आज ती हॉस्टेलवर राहून व्यावसायिक शिक्षण घेते आहे. समोरचे वकील पहिल्या तारखेलाच ते वाक्य वाचून दाखवतील. त्याने घाबरून जाऊ नका.

‘माझ्या घरी येऊन राहा’ या अटीला मी फारसे महत्त्व देत नाही. बापाच्या घरी राहिली तरच खर्च, असे कलम २०(३) मध्ये कुठेही लिहिलेले नाही. नऊ वर्षे जी मुलगी आईजवळ वाढली, तिला सावत्र संसारात नेऊन बसवण्याची अट शिक्षणाच्या पैशाला जोडणे मला अन्यायाचे वाटते आणि ते दाव्यात स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. २ जानेवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पालकांच्या ऐपतीप्रमाणे शिक्षणाचा खर्च त्यांच्याकडून मिळवण्याचा मुलीला कायदेशीर हक्क आहे. त्या प्रकरणातही आईवडील वेगळे झालेले होते. मुलीने स्वाभिमानापोटी वडिलांचे ४३ लाख रुपये ठेवून घ्यायला नकार दिला होता. ते ठेवण्याचा तिला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. हा परिच्छेद मुलीला वाचायला द्या. वडिलांपुढे हात पसरतेय असे तिला वाटत असेल, तर ते मनातून निघायला हवे.

कारण दावा तिलाच करावा लागेल. ती सज्ञान आहे. अर्जदार ती, वकीलपत्रावर सही तिची. तुम्ही साक्षीदार म्हणून तिच्या बाजूने उभ्या राहाल. तेव्हा आधी तिच्याशी बोला. तुमचा जुना राग या कागदांत येऊ नये. दाव्यात घटस्फोटाची उणीदुणी कमी आणि मेसची बिले जास्त असावीत. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतात, तिथे मुलीने वडिलांशी स्वतःच्या शब्दांत बोलणे कधीकधी वकिलाच्या नोटिशीपेक्षा उपयोगी पडते.

खर्च तपशिलात मांडा: फीची पावती, हॉस्टेल, मेस, पुस्तके, प्रॅक्टिकलचे साहित्य, बसभाडे. एक गोष्ट मात्र लपवू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी राज्य सरकारने २०२४-२५ पासून दिली आहे. मुलगी त्यात बसते का, हे कॉलेजच्या कार्यालयात लगेच विचारा. बसत असेल तर मागणीतून तेवढी फी वजा करा, राहण्याजेवणाचा खर्च तरीही उरतोच.

रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सरकारी नोकराचा पगार दडत नाही. तुमचाही पगार विचारला जाईल, तो खरा सांगा. सांभाळाची जबाबदारी कायद्याने आईवरही आहे, त्यामुळे सगळा भार वडिलांवर पडेल असे समजू नका. दुसऱ्या संसारातल्या दोन मुलांचा खर्चही न्यायाधीश धरतील, पण त्याने पहिल्या मुलीचा हक्क पुसला जात नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे त्याच निकालात आहे. म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ करू नका, आणि मूळ दाव्याबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज द्या.

अठरा पूर्ण होण्याआधीचे पाच महिने, म्हणजे ३०,००० रुपये, हा विषय वेगळा. कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याचा भाग असतील तर घटस्फोट ज्या न्यायालयात झाला तिथे वसुलीची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करा. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि पैसे शेवटचे कधी जमा झाले ते दाखवणारे पासबुक एवढे हवे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते, हे ऐकले की बऱ्याचदा पैसे न मागता जमा होतात.

खर्चाची धास्ती घेऊ नका. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करा किंवा मुलीला पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा.

आणि तडजोड झाली, जी व्हावी असेच मला वाटते, तर या वेळी कागद नीट वाचून घ्या. फी थेट कॉलेजला, हॉस्टेल-मेसचे पैसे दरमहा ठरलेल्या तारखेला मुलीच्या खात्यावर, दरवर्षी ठरावीक वाढ, आणि मुदत वयाची नको, अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंतची हवी. या कायद्यात अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चही निर्वाहात धरला आहे, तो मुद्दा खुला ठेवा. ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ ही ओळ कुणी पुन्हा घातलीच, तर मुलीला सही करू देऊ नका.