रेसिपी आधी, तलवार मग

प्रिय दोस्ता,

टेरारिया या व्हिडिओ गेममध्ये मॉड (खेळात आपण घातलेली भर) लिहून स्वतःची तलवार आणायची, तिच्यातून वीज पडली पाहिजे आणि शत्रूच्या मागे धावणारे गोळे सुटले पाहिजेत, असं तू लिहिलंस. करशील तेही. पण आधी एक साधी वस्तू खेळात क्राफ्ट होऊ दे, म्हणजे साहित्य जोडून बनू दे. वीज कुठे पळून जात नाही.

मॉड बनवायचं आणि चालवायचं साधन टीमॉडलोडर स्टीम या गेमच्या दुकानावर फुकट आहे, फक्त टेरारिया विकत घेतलेला लागतो. सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही म्हणून अडून बसू नकोस. 'वर्कशॉप'मध्ये 'डेव्हलप मॉड्स'वर जाऊन नवा मॉड बनवताना तलवारीचं नाव भरलंस, की एक तयार फाइल मिळते. ती ओळ न ओळ वाच. डॅमेज 50, युजटाइम आणि युजअॅनिमेशन (एका वाराला लागणारे टिक) दोन्ही 20. खेळ सेकंदाला 60 टिक मोजतो, म्हणजे सेकंदाला तीन वार. दोन्ही 20 चे 10 करून बघ, 40 करून बघ; हातालाच फरक कळेल. खाली रेसिपी असते: 10 डर्ट ब्लॉक, वर्कबेंचजवळ.

आता यातली गंमत बघ. खेळ सुरू होताना मिळणारी कॉपर शॉर्टस्वोर्ड 5 डॅमेजची, आणि इथे मूठभर मातीत तिच्या दसपट! नमुना म्हणून ठीक आहे. पण नवखे मॉडर माती बदलून लाकूड घालतात, डॅमेज 80 करतात आणि मॉड झाला म्हणतात. मग खेळाडूला खाणीत उतरायचं कारणच उरत नाही.

खेळातलीच नाइट्स एज बघ. चार तलवारी एकत्र केल्या की ती बनते. मुरामासासाठी डंजन या भुयारी किल्ल्यात शिरायचं, म्हणजे आधी स्केलेट्रॉन या बॉसला (मोठ्या शत्रूला) लोळवायचं. ब्लेड ऑफ ग्राससाठी जंगलात हॉर्नेट गांधीलमाश्यांशी झुंजून स्टिंगर, म्हणजे त्यांच्या नांग्या, जमवायचे. व्होल्केनोसाठी पार पाताळात जाऊन हेलस्टोन खणायचा. चौथी लाइट्स बेन, नाहीतर जग क्रिमसन या लाल, रोगट प्रदेशाचं असेल तर ब्लड बुचरर. एवढं करून पुन्हा अल्टर या वेदीपाशी जायचं. ते उचलून घरी आणता येत नाही. डॅमेजचा आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही, ही पायपीट राहते. रेसिपी लिहिताना तू खेळाडूला कुठे कुठे पाठवणार हे ठरवत असतोस, आणि माझ्या मते मॉडिंगमधलं खरं डोकं इथेच लागतं. चित्र नंतर काढता येतं. तोवर खेळातल्याच एखाद्या वस्तूचं चित्र वापर, टेक्श्चरची (चित्र कुठलं ते सांगणारी) एक ओळ घातली की काम भागतं.

एक खाचखळगा आत्ताच सांगून ठेवतो. रेसिपीत नुसता आयर्न बार लिहिलास, तर तुझ्या जगात सगळं सुरळीत चालेल. मित्राच्या जगात मात्र लोखंडाऐवजी शिसं निघालेलं असेल, आणि तो बिचारा भट्टीसमोर बसून राहील. टेरारिया प्रत्येक साध्या जगात या दोघांपैकी एकच धातू जमिनीत पेरतो. म्हणून तिथे आयर्न बारचा रेसिपी ग्रुप (एकमेकांऐवजी चालणाऱ्या साहित्यांचा गट) वापर, मग दोन्ही चालतात. अॅन्व्हिलची, म्हणजे ऐरणीची, काळजी नको. लोखंडाचा आणि शिशाचा, दोन्ही एकाच टाइलमध्ये (ठेवायच्या वस्तूच्या एकाच प्रकारात) मोडतात.

बाकी बारीकसारीक: स्वतःचं चित्र घालशील तेव्हा पीएनजी फाइलचं नाव क्लासच्या (कोडमध्ये वस्तूला दिलेल्या) नावाशी तंतोतंत जुळायला हवं. रेसिपीच्या शेवटी रजिस्टरची ओळ राहिली, तर वस्तू असते पण रेसिपी नसते. संपणाऱ्या वस्तू एकेक देऊ नकोस. टॉर्चसुद्धा एक लाकूड आणि एक जेल घेऊन तीन मिळतात.

'बिल्ड + रीलोड' झालं की लगेच साहित्य गोळा करत हिंडू नकोस. गाइड या खेळातल्या वाटाड्या पात्राकडे जा, 'क्राफ्टिंग' निवड आणि रेसिपीतलं एक साहित्य त्याच्यासमोर ठेव. यादीत तुझी वस्तू दिसली, तर रेसिपी लागली. मग नवीन पात्र, नवीन जग घेऊन ती एकदा प्रामाणिकपणे मिळवून बघ. मध्येच कंटाळा आला तर कुठे आला ते लिहून ठेव.

पुढच्या वेळी कोड पाठवू नकोस. तीन-चार साहित्यांची नावं, ती कुठे बनवायची ते ठिकाण, आणि कुठल्या बॉसच्या आधी ती हातात यावी एवढंच पाठव. त्यावर भांडू.

तुझा,
दादा