डबल कधी द्यायचं, कधी सोडायचं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो. दर शुक्रवारी आम्ही चौघं बॅकगॅमन खेळतो, पॉइंटला एक डॉलर. परवा पटाबाहेर काढायच्या माझ्या दोनच सोंगट्या उरल्या होत्या, एक पाचव्या घरात, एक दुसऱ्या. समोरच्याची एकच, पहिल्या घरात. दान माझं होतं. जिंकण्याची जेमतेम निम्मी आशा, म्हणून डबल दिलं नाही, म्हणजे पैज दुप्पट करायला सांगितलं नाही. चुकलं का? आणि समोरून डबल आलं तर डाव कधी सोडावा?

उत्तर : हो, चुकलं. दोन फाशांची 36 दानं मोजा. एक फासा पाच किंवा सहा आणि दुसरा निदान दोन, अशी वेगवेगळ्या आकड्यांची 14 दानं. शिवाय दोन-दोनपासून सहा-सहापर्यंत पाच जोड्या. (दोन-दोन पडलं तर चार चाली मिळतात : तीन पाचव्या घरातल्या सोंगटीला, एक दुसरीला.) म्हणजे 19 दानं तुमची, 17 त्याची. असे 36 डाव क्यूबशिवाय (क्यूब म्हणजे पैज किती पट झाली ते दाखवणारा फासा) खेळलात तर दोन डॉलर सुटतात, डबल देऊन चार. पुढच्या दानाला त्याची सोंगटी बाहेर निघणारच आहे, मग क्यूब राखून ठेवायचा कुणासाठी? त्यानेही तो घ्यायलाच हवा, 17 दानं काही थोडी नव्हेत.

आता सोडण्याचं. माझ्या मते पैसे इथेच जास्त जातात, कारण दुप्पट हरण्याची भीती वाटते. समजा 36 वेळा डबल आलं आणि प्रत्येक वेळी सोडलंत, म्हणजे मूळचा एक डॉलर देऊन डाव संपवलात, तर 36 डॉलर गेले. घेतलंत आणि फक्त 9 डाव जिंकलात, तर 54 गेले, 18 आले, वजाबाकी पुन्हा 36. म्हणून चारात एक डाव जिंकण्याची आशा असेल, तर घ्या.

मॅनहॅटनमध्ये खेळायला लागले तेव्हा समोरच्याच्या उरलेल्या दोन्ही सोंगट्या दुसऱ्या घरात असल्या आणि त्याने डबल दिलं, की मी सोडून द्यायचे. एकदा सोंगट्या गोळा करायला हात घातला, तर समोरच्या आजोबांनी तो अडवला. फासे हातात घेऊन एक-एकपासून सहा-सहापर्यंत एकेक दान पटावर मांडलं आणि मला मोजायला लावलं. एक-एक सोडून ज्या दानात एक आहे, ते प्रत्येक दान फसतं : दहा दानं! मी कित्येक महिने घेण्यासारखे डाव सोडत होते. सोंगट्या चौथ्या आणि पहिल्या घरात असतील तर मात्र फसणारी सातच, तिथे खुशाल सोडा.

ही झाली शेवटच्या दानाची गोष्ट. डाव लांब असेल तर घेतलेला क्यूब तुमच्या ताब्यात असतो, पुढचं डबल फक्त तुम्हीच देऊ शकता. त्यामुळे पंचविसाहून थोडी कमी टक्केवारीही चालते. कीलर आणि स्पेन्सर या गणितज्ञांनी 1975 साली आदर्श परिस्थितीत ही मर्यादा 20 टक्के काढली. खऱ्या पटावर ती त्याहून थोडी वर राहते. गॅमनचा (एकही सोंगटी बाहेर न काढता दुप्पट हरण्याचा) धोका दिसत असेल तर आणखी सावध राहा, दोनवरच्या क्यूबला गॅमन म्हणजे चार डॉलर.

येत्या शुक्रवारी सोंगट्या मांडण्याआधी जॅकोबी नियम आहे की नाही, ते ठरवून घ्या. असेल तर क्यूब मध्येच पडून असताना, म्हणजे कुणीच डबल दिलं नसताना, गॅमनची वाट पाहू नका, गॅमन करूनही एकच डॉलर मिळेल.