अँजिओग्राफी हातातून करावी की मांडीतून? यावर खरंच काही संशोधन झालंय का?

तुम्ही लिहिलंय की वडील निफाडकडचे, द्राक्षबाग सांभाळतात. चालताना छातीत भरून येतं म्हणून नाशिकला दाखवलं, तर डॉक्टरांनी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांत अडथळा कुठे आहे ते बघण्याची तपासणी) सांगितली आणि 'हातातून करू' म्हणाले. पण काकांचं म्हणणं, त्यांची मांडीतून झाली होती आणि तीच खात्रीची. हाताची नस बारीक, उद्या छाटणीची कात्री धरता आली नाही तर? मी नाशिकमध्येच कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे ही तपासणी करतात तिथे, सिस्टर आहे. संमतीपत्रावर सही घेताना हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हातातून होत असेल तर हातातूनच करून घ्या. यावर संशोधन झालंय, आणि ते हजारो पेशंटवर झालंय.

काकांचंही चुकत नाही. त्यांच्या वेळी तीच रीत होती. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी मांडीतून थेट हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी जाऊन बसतील अशा वळणांचे कॅथेटर (धमनीतून सरकवायच्या बारीक नळ्या) तयार केले आणि जगभर मांडीचाच रस्ता रूढ झाला. धमनी मोठी, सहज सापडणारी. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची पहिली बलून अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून रुंद करणं) केली, तीही मांडीतूनच. मनगटातून अँजिओग्राफी करता येते हे मॉन्ट्रियलच्या लुसियन कांपो यांनी १९८९ मध्ये शंभर पेशंटच्या अनुभवावरून मांडलं. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) नवे होते, त्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं भरपूर द्यावी लागायची आणि मांडीतून रक्तस्राव व्हायचा. मनगटाकडे वळण्याचं मोठं कारण हेच.

आजही मुद्दा रक्तस्रावाचाच आहे. मांडीची धमनी खोल असते. तिथून रक्त झिरपायला लागलं तर कधीकधी ते पोटाच्या मागच्या बाजूला साठत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पेशंट म्हणतो कंबर दुखतेय, घाम येतो, बीपी उतरत जातं. मनगटाची धमनी कातडीखालीच, हाडावर असते. काही झालं तर दिसतं आणि अंगठ्याने दाबलं तरी थांबतं.

आता आकडे. २०११ मध्ये 'रायव्हल' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३२ देशांतले ७,०२१ पेशंट होते. मृत्यू, नवा अटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव हे सगळं एकत्र धरलं तर हात आणि मांडी यांत फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हातातून केलं की सगळंच सुरक्षित असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. पण धमनीच्या जागेवरचे त्रास मांडीत ३.७ टक्के आणि हातात १.४ टक्के होते. पुढे २०१५ मध्ये 'मॅट्रिक्स' अभ्यास आला. अटॅक किंवा तसाच तातडीचा त्रास असलेले ८,४०४ पेशंट. तीस दिवसांत मांडीच्या गटात २.२ टक्के लोक दगावले, हाताच्या गटात १.६ टक्के. सुई कुठे टोचली एवढ्यावरून हा फरक पडावा, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्पच झाले होते. सगळ्याच अभ्यासांत मृत्यूचा फरक इतका स्पष्ट आलेला नाही, पण युरोप आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना आता हाताला पहिली पसंती देतात. वडिलांची ठरवून केलेली अँजिओग्राफी आहे, तिला अटॅकच्या पेशंटचे मृत्यूचे आकडे लावू नका. जागेवरचा रक्तस्राव कमी, हा फायदा मात्र त्यांनाही मिळेल.

आणि जो आकड्यांत मावत नाही तो फायदा आम्ही वॉर्डात बघतो. मांडीतून झालं की शीथ (धमनीत बसवलेली छोटी नळी) काढल्यावर आम्ही तळहाताने पंधरा-वीस मिनिटं दाबून धरतो, मग काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, लघवीला बेडपॅन. खेड्यातून आलेल्या आज्या लाजेने लघवी दाबून धरतात, पाणी प्यायला नको म्हणतात. आणि नेमकं त्या दिवशी पाणी प्यायचं असतं, कारण वापरलेलं डाय (एक्स-रेमध्ये धमन्या दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) किडनीतून बाहेर पडायला हवं. हातातून झालं की पेशंट थोड्या वेळात उठून बसतो, चहा पितो, स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातो.

हाताच्याही अडचणी आहेत. धमनी दोन-तीन मिलिमीटरची, घाबरलं किंवा हात गार असला की आकसते. म्हणून आत औषध सोडतात. कुणाची धमनी कोपराजवळ वेटोळं घेते, मग कॅथेटर पुढे सरकत नाही. अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर युक्ती काढली: कॅथेटरच्या तोंडातून छोटा बलून अर्धा बाहेर काढून हलकासा फुगवायचा, म्हणजे कडा धमनीला खरवडत नाही आणि कॅथेटर अलगद पुढे जातो. तरीही कधीकधी जमत नाही. 'रायव्हल'मध्ये हाताच्या गटातल्या ७.६ टक्के लोकांना दुसऱ्या वाटेवर न्यावं लागलं होतं. म्हणून आम्ही मांडीची जागाही आधीच साफ करून ठेवतो. ते बघून घाबरू नका.

काकांच्या शंकेबद्दल: पंजाला रक्त दोन धमन्या देतात आणि त्या तळव्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. एक बंद पडली तरी सहसा बोटांना काही होत नाही. पण पेशंटला कळत नाही म्हणून ती बंद पडू द्यायची, हे मला पटत नाही. पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी लागली तर ती वाट गेलेली असते.

आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. काम संपल्यावर मनगटाला हवेचा पारदर्शक पट्टा बांधतात. बऱ्याच नातेवाइकांना वाटतं, जेवढा घट्ट तेवढा चांगला. उलट आहे. आम्ही हवा भरून शीथ काढतो, मग सिरिंजने हळूहळू हवा सोडतो. रक्ताचा थेंब दिसला की किंचित हवा परत भरतो. रक्त बाहेर येणार नाही, पण आत वाहत राहील, एवढाच दाब. मग करंगळीकडची धमनी दाबून अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला की लाट दिसली पाहिजे, म्हणजे मनगटाची धमनी वाहतेय. समीर पंचोली आणि सहकाऱ्यांनी ४३६ पेशंटवर अशी पद्धत तपासली, ती २००८ मध्ये छापून आली. दुसऱ्या दिवशी धमनी बंद सापडण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १२ टक्के होतं, या पद्धतीत ५ टक्के. यात नवं यंत्र नाही, महाग औषध नाही, फक्त कॉटजवळ उभं राहून दिलेलं लक्ष. बोटं काळीनिळी पडली, फार दुखायला लागलं किंवा तासनतास कुणी पट्टा सैल करायला आलं नाही, तर सिस्टरला बोलवा. संकोच करू नका. मात्र पट्टा स्वतः सोडू नका.

कोणत्या हाताने कात्री चालवतात ते डॉक्टरांना आधी सांगा. बहुतेक ठिकाणी उजव्या हातातून करतात, पण डाव्यातूनही होतं. घरी गेल्यावर काही दिवस त्या हाताने क्रेट उचलायचे नाहीत, पंप मारायचा नाही, बाइक चालवायची नाही. मनगटाला सूज वाढायला लागली किंवा रक्त आलं तर जागेवर बोटाने घट्ट दाबून धरा आणि जवळच्या दवाखान्यात जा. नाशिक गाठायच्या नादात वेळ घालवू नका, गरज पडली तर १०८ला फोन करा.

वडिलांचा किडनीचा रिपोर्ट तुम्ही लिहिलेला नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ताचा आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल आधी बोला, कारण पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) हाताच्याच रक्तवाहिन्या लागतात आणि अशा पेशंटमध्ये मांडीचा रस्ता घेणं योग्य ठरू शकतं.